दोन टप्प्यांचा अग्निबाण आणि आपली प्रयोगशाळा

निवासी विद्यालयातून बाहेर पडून नोकरी-व्यवसायात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांना शाळेसाठी काही तरी द्यावेसे वाटते. पूर्वी ते पंखे, स्वयंपाकघरातील मोठी भांडी, ग्रंथालयाचे कपाट देत. अलीकडे अग्निबाणाचे तयार संच देण्याची भाषा ऐकू येते. ही इच्छा स्वागतार्ह आहे. मात्र खोक्यावरील सूचनांबरहुकूम कागदी नळीला पंख चिकटवून तो बाण काचेच्या कपाटात उभा केला, म्हणजे देणगीचे चीज झाले, हे मत मला मान्य नाही. तो संच मुलांनी कापला पाहिजे, बदलला पाहिजे आणि एका टप्प्याच्या बाणाचा दोन टप्प्यांचा बाण करून पाहिला पाहिजे.

दोन टप्पेच का? धान उतरवून झाल्यावर रिकामी बंडी कोणी डोंगरावर ओढत नेत नाही. इंधन जळून गेलेले नळकांडेही तसेच निव्वळ ओझे असते. ते गळून पडले की उरलेला हलका बाण अधिक वेग घेतो. कल्पना जुनी आहे. काझिमिएझ सिमिएनोविच याच्या १६५० सालच्या तोफखानाविषयक ग्रंथात अनेक टप्प्यांच्या बाणांच्या आकृत्या आहेत, आणि रशियातील त्सिओल्कोव्हस्की या शाळामास्तरांनी १९२९ साली तिला गणिताची बैठक दिली. (ते शिक्षक होते, हे आम्हा शिक्षकमंडळींना सांगायला आवडते.)

परदेशात मिळणाऱ्या छोट्या संचांत ही जोडणी फार साधी असते. बाणाच्या इंधनकांडीत एरवी मुख्य इंधनाच्या पुढे सावकाश जळणारा थर आणि हवाई छत्री बाहेर फेकणारी दारू असते. खालच्या टप्प्याच्या कांडीत या दोन्ही गोष्टी नसतात. तिचे इंधन संपताच तप्त वायू आणि जळते कण थेट वरच्या कांडीच्या तोंडात शिरतात व ती पेटते. दोन्ही कांड्या एकमेकींना केवळ चिकटपट्टीच्या वेढ्याने जोडलेल्या असतात. वरची पेटली की तो वेढा सुटतो.

येथेच पालकांच्या मनात शंका येईल, आणि ती रास्त आहे. आपल्या जिल्ह्याला स्फोटकांविषयी पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात आठ कामगारांचे प्राण गेले. जेथे प्रशिक्षित हात, नियम आणि देखरेख असते तेथेही हे घडते. तेव्हा वसतिगृहाच्या मागे मुलांनी कोळसा, गंधक आणि सोरा कुटावा, असे कोणीही म्हणू नये. १८८४ चा स्फोटक कायदाही ते करू देत नाही, आणि त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय शेजारच्या नागपुरातच आहे. इंधनकांडी शाळेत बनवायची नाही, या बाबतीत तडजोड नाही.

पण या विषयातील शिकण्यासारखे बहुतेक सारे काडी ओढण्याच्या आधीच घडते, हे आपण विसरतो. खाली दुसरा टप्पा जोडला की वजन शेपटीकडे सरकते आणि बाण हवेत कोलांटी खाण्याचा संभव वाढतो. म्हणून खालच्या टप्प्याचे पंख मोठे करावे लागतात. किती मोठे? कांड्यांच्या जागी तेवढ्याच वजनाच्या वाळू भरलेल्या नळ्या बसवाव्यात, बाण ज्या जागी तोलून राहतो तेथे दोरी बांधावी आणि मोकळ्या मैदानात डोक्याभोवती गरगर फिरवावा. टोक पुढे ठेवून फिरला तर ठीक. आडवा किंवा उलटा फिरला तर पंख वाढवावेत, नाही तर टोकाला थोडी माती भरावी. मग पुन्हा वरचा टप्पा एकटा घेऊन तीच परीक्षा, कारण खालचा गळून पडल्यावर त्याला स्वतःच्या बळावर सरळ जायचे असते.

टप्पा सुटण्याची क्रिया फुग्यांनीही दाखवता येते. पुढचा लांबट फुगा फुगवून त्याचे तोंड तळ कापलेल्या कागदी पेल्याच्या कड्यात दाबून धरायचे आणि मागचा फुगा त्याच कड्यात फुगवायचा. मागच्याच्या दाबाने पुढच्याचे तोंड बंद राहते. दोन्ही फुगे स्ट्रॉच्या तुकड्यांना चिकटवून, त्यांतून ओवलेल्या ताणलेल्या दोरीवर सोडले की मागचा रिकामा होताच पुढचा सुटतो. खर्च चहापाण्याइतका.

भारताच्या अंतराळकार्याची सुरुवातही जोडकामातूनच झाली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून उडालेला नायकी-अपाची हा अमेरिकेकडून आलेला दोन टप्प्यांचाच अग्निबाण होता. त्याचा खालचा टप्पा मुळात विमानवेधी क्षेपणास्त्रासाठी घडवलेला. ऐन वेळी क्रेनमधून गळती झाली, तेव्हा तो माणसांनी हातांनी उचलून जागेवर बसवला. पुढे पुण्याच्या डॉ. वसंत गोवारीकरांनी तेथे घन इंधनाचे काम उभे केले. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत नेणाऱ्या एसएलव्ही-३ चे चारही टप्पे घन इंधनाचे होते आणि त्या वेळी विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक गोवारीकरच होते. परक्या बाणापासून आपल्या बाणापर्यंतची ही सतरा वर्षे मी इतिहासाच्या तासाला शिकवतो. ती विज्ञानाच्या तासाला हातांनीही शिकवली जावीत.

देणगीदारांनी संच अवश्य द्यावेत, पण एकाऐवजी दोन द्यावेत, कारण एक कापला जाणार आहे. सोबत पुठ्ठा, बांबूच्या कमच्या, डिंक आणि एक नेमका तोलकाटा द्यावा. आणि संच मोडला, बिघडला किंवा हरवला तरी मुलांना व शिक्षकांना जाब विचारला जाणार नाही, एवढे एक वाक्य देणगीपत्रात लिहून द्यावे. साठा नोंदवहीच्या भीतीने खोकी बंद राहतात, हे शाळेत काम केलेल्या कोणालाही ठाऊक आहे.