विश्लेषण : नैसर्गिक वायू ‘कोरडा’ करण्यात नॅनोद्रवाची मदत किती?

मुंबई हायसारख्या समुद्रातील क्षेत्रातून निघणारा नैसर्गिक वायू पाण्याची वाफ सोबत घेऊनच येतो. वाहिनीतील प्रचंड दाबाखाली हे पाणी आणि मिथेन मिळून बर्फासारखे घट्ट हायड्रेट तयार होते, तेही 10-15 अंश सेल्सिअसला. वाहिनी तुंबते. वायूत कार्बन डायऑक्साइड असेल तर तेच पाणी पोलाद आतून कुरतडते. अमेरिकेत दर दहा लाख घनफूट वायूमागे सहसा 7 पौंडांपेक्षा अधिक पाणी चालत नाही, ते यामुळेच.

सध्या काय करतात?

उंच मनोऱ्यात खालून वायू सोडतात, वरून ट्रायइथिलीन ग्लायकॉल. ग्लायकॉल पाणी शोषते. मग ते सुमारे 200 अंशांपर्यंत तापवून पाणी उडवतात आणि तेच पुन्हा वापरतात. पद्धत जुनी, भरवशाची. मात्र मनोरा अवजड असतो आणि समुद्रातील फलाटावर प्रत्येक टनाची किंमत मोजावी लागते. शिवाय ग्लायकॉल तापवताना त्यात विरघळलेले बेंझिनही बाहेर पडते.

पर्याय कोणता?

मेंब्रेन कॉन्टॅक्टर. यात केसासारख्या बारीक, सच्छिद्र पोकळ तंतूंचा जुडगा असतो. तंतूच्या एका बाजूला वायू, दुसऱ्या बाजूला ग्लायकॉल. दोन्ही मिसळत नाहीत, वाफ तेवढी छिद्रांतून पलीकडे जाते. लहान जागेत संपर्काचे क्षेत्रफळ प्रचंड मिळते.

नॅनोकण कशाला?

‘नॅनोद्रव’ हा शब्द 1995 मध्ये अमेरिकेच्या अरगॉन प्रयोगशाळेतील स्टीफन चोई यांनी रूढ केला, तो उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवांसाठी. इथे कल्पना अशी की, सिलिका किंवा अॅल्युमिनाचे सूक्ष्म कण द्रवात सतत हलत राहून त्याचा पातळ थर ढवळतात आणि शोषण वाढते.

मग अडते कुठे?

या तंतूंमध्ये नॅनोद्रवाचे प्रयोग मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर झाले आहेत. तो पाण्यात जेमतेम विरघळतो, त्यामुळे अडथळा द्रवात असतो आणि कण तो कमी करतात. ग्लायकॉल मात्र पाणी मुळातच ओढून घेते. अडथळा वायूच्या थरात किंवा छिद्रांतच असेल, तर द्रव कितीही ढवळला तरी लाभ तुटपुंजा. म्हणून ‘शोषण वाढले’ एवढ्या दाव्यावर भुलण्यात अर्थ नाही. अडथळा कोणत्या बाजूला होता, हे आधी विचारायला हवे.

दुसरी अडचण रोजच्या वापराची. कण गुठळ्या करून तळाशी बसतात, ग्लायकॉल दाट करतात, छिद्रे बुजवतात. प्रत्येक फेरीत 200 अंशांची भट्टीही आहेच. एकदा ग्लायकॉल छिद्रांत शिरले की वाफेची वाट अरुंद होते, आणि भिजलेला तंतू चालू फलाटावर वाळवत बसायला सवड नसते.