बुजलेला पाया

मंठा परिसरातील काळी जमीन तुमच्या परिचयाची आहे. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. पावसाळ्यात तीच पाणी पिऊन फुगते. अशा जमिनीवर उथळ पाया घातला तर भिंती तडकतात. म्हणून पाया खाली घट्ट मुरमापर्यंत न्यावा लागतो. पण एकदा तो बुजला, की किती खोल गेला हे कोणाला दिसणार? ते अभियंत्यालाच ठाऊक!

झाकलेली उणीव पाणी मात्र शोधून काढते. पुण्याजवळच्या पानशेत धरणाचे उदाहरण पाहा. १९६१ च्या पावसाळ्यात, पाणी सोडण्याच्या व्यवस्थेचे काम अपुरे असतानाच धरण भरू लागले. मातीचा बांध खचला आणि १२ जुलैला फुटला. त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले. पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला.

गणिते तर सारेच अभियंते शिकतात. मुदत जवळ आली असता, वरिष्ठ रागावले तरी, 'काम पक्के नाही, थांबा' असे लेखी कळविणे, हीच माझ्या मते त्यांची खरी परीक्षा होय. तुमच्या शाळेत नवी खोली बांधली जात असेल, तर पाया बुजण्यापूर्वी गुरुजींसह तेथे जा आणि विचारा, "मुरूम लागला का?"