झोपेचा हक्क आणि सकाळपाळीची शाळा

पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असा आदेश महाराष्ट्र शासनाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी काढला. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काढल्यानंतर हे पाऊल उचलले गेले. ते स्वागतार्हच आहे. परंतु हा आदेश चौथीपाशी थांबतो, आणि झोपेची खरी अडचण सुरू होते ती त्यानंतर.

वयात येताना शरीराचे घड्याळच पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन हे द्रव्य रात्री उशिरा स्रवू लागते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात. अकराला डोळा लागलेल्या आणि साडेपाचला उठवलेल्या मुलाच्या वाट्याला साडेसहा तास येतात. शाळा उशिरा भरली तर मुले तितकीच उशिरा झोपतील, असा आक्षेप घेतला जातो. अमेरिकेतील सिएटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७.५० वरून ८.४५ केली, तेव्हा तेथील पाहणीत मुलांची झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढलेली आढळली. कॅलिफोर्निया राज्यात तर माध्यमिक शाळा साडेआठपूर्वी भरवू नये, असा कायदाच २०२२ पासून अमलात आहे.

वऱ्हाडातील खेड्यांत शाळा बहुधा दहा-साडेदहाला भरते. प्रश्न आहे तो अमरावती-अकोल्यातील सकाळपाळीचा. वर्गखोल्या अपुऱ्या म्हणून एकाच इमारतीत दोन पाळ्या चालतात. वलगाव किंवा बोरगाव मंजूच्या मुलाला सातच्या वर्गासाठी अंधारातच एस.टी.चा थांबा गाठावा लागतो. जानेवारीत तर सूर्यही सातच्या सुमारास उगवतो. त्यातच वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्या. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शिकवणीवर्ग फार पहाटे वा फार रात्री असू नयेत. ज्याचे घर शाळेजवळ आणि दाराशी वाहन, तो हा ताण काहीसा चुकवू शकतो. शेतमजुराच्या मुलाला ती सोय नाही. झोपेचीही वाटणी वर्गानुसारच होते, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

बाल व किशोर कामगार कायद्याप्रमाणे चौदा ते अठरा वर्षांच्या किशोराला सायंकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत कामावर ठेवता येत नाही. कायद्याने दुकानदाराला घातलेले हे बंधन शाळेला व शिकवणीला मात्र लागू नाही! नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नसून श्रमणाऱ्याचा हक्क आहे, हे आपल्या चळवळीने तेव्हापासून सांगितले. अभ्यास हेही श्रमच आहेत.

तथापि मुंबईची मागणी वऱ्हाडावर जशीच्या तशी लादता येणार नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात सकाळची शाळा हाच उपाय आहे. २०२५ च्या उन्हाळ्यासाठी शासनाने माध्यमिक शाळांची वेळ सात ते पावणेबारा ठरवली, ती याच कारणाने. त्या दिवसांत गृहपाठ कमी करावा आणि दुपारच्या झोपेला वेळ ठेवावा. दुसरी अडचण मुलींची. शाळा उशिरा सुटली आणि एस.टी. अंधार पडल्यावर आली, तर काही घरांत मुलीचे शिक्षणच बंद होईल. म्हणून केवळ घड्याळाचा काटा सरकवून भागणार नाही.

आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. शाळा उघडल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत पाचवी ते बारावीचा कोणताही वर्ग साडेआठच्या आत भरू नये. दुबार पाळी संपवण्यासाठी वर्गखोल्यांना निधी द्यावा. एस.टी.च्या फेऱ्या शाळेच्या वेळेशी जोडाव्यात. शिकवणीवर्गांच्या वेळा तपासण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनाने घ्यावी.

यांपैकी पैसा लागतो तो खोल्यांना, आणि शासनाची टाळाटाळ होईल तीही तेथेच. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यात किती शाळा दोन पाळ्यांत चालतात आणि त्यांना किती खोल्या कमी पडतात, याची यादी प्रथम तयार करावी. ती हाती असेल, तर जिल्हा परिषदेच्या व महापालिकेच्या अंदाजपत्रकावर बोलताना आपल्या शब्दाला वजन येईल.