परत गोठतो, पण तोच नव्हे

‘आर्क्टिकचा बर्फ दर उन्हाळ्यात वितळतो, दर हिवाळ्यात परत गोठतो; मग एवढी ओरड कशाला?’ असा युक्तिवाद हल्ली मोठ्या ठसक्यात केला जातो. जोडीला पेल्याचा दाखला असतोच: तरंगता बर्फ वितळला म्हणून पेला ओतू जात नाही. दाखला रास्त आहे. समुद्री बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. पण मूळ तक्रार पातळीची नाहीच.

पूर्वपक्षाची खरी चूक ही की तो सगळा बर्फ एकाच मापाने मोजतो. समुद्राचे पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठते. आधी बारीक सुया आणि चकत्या तरंगतात, त्या दाटून पाण्यावर तेलकट तवंग येतो. लाटा असतील तर त्याच्या काठ उचललेल्या गोल थाळ्या बनतात. पाणी शांत असेल तर काळपट, लवचिक पापुद्रा धरतो. असे दोन पापुद्रे एकमेकांवर आदळले, तर दोन्ही हातांची बोटे गुंतवावीत तसे ते आलटूनपालटून वर-खाली सरकतात. गोठताना स्फटिक मिठाला थारा देत नाहीत. ते खाऱ्या पाण्याच्या कप्प्यांत अडकते आणि हळूहळू खाली निथळते. म्हणून पहिल्या वर्षाचा बर्फ खारट. उन्हाळा तगून राहिला, तर वर साचलेले गोडे पाणी आतून झिरपत उरलेसुरले मीठही धुऊन नेते. असा जुना, निळसर, टणक बर्फ वितळवून ध्रुवप्रदेशातले लोक पाणी पीत आले आहेत. त्याची जाडी तीन-चार मीटर. एका हिवाळ्याचा बर्फ फार तर दोनेक मीटर.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र दमदार आहे: पातळ बर्फ झपाट्याने वाढतो, कारण त्यातून समुद्राची उष्णता सहज निसटते. अगदी खरे. पण त्याच कारणाने जाडी वाढली की वाढ मंदावते. जुन्या बर्फाची भरपाई एका हिवाळ्यात होत नाही. मार्च १९८५ मध्ये आर्क्टिकच्या बर्फात चार वर्षांहून जुना बर्फ सुमारे एक तृतीयांश होता. मार्च २०१९ मध्ये तो जेमतेम एक टक्क्याच्या घरात आला. पातळ बर्फ उन्हाळ्यात लवकर विरतो, खालचे काळे पाणी उघडे पडते आणि बर्फ परतवून लावत असलेले ऊन शोषून घेते. सप्टेंबर २०१२ मध्ये क्षेत्र ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत घसरले. उपग्रहांच्या नोंदींतला तो नीचांक.

‘पण अंटार्क्टिकात तर वाढतो आहे!’ वाढला होता, २०१४ पर्यंत. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथेही त्या वेळचा नीचांक नोंदला गेला. जुनी कात्रणे फिरवणाऱ्यांपर्यंत ही बातमी पोचलेली दिसत नाही.

तेव्हा मार्चमधले क्षेत्रफळ फेकणाऱ्याला वय आणि जाडी विचारावी. २०१० पासून क्रायोसॅट-२ आणि २०१८ पासून आइससॅट-२ हे उपग्रह पाण्यावर डोकावणाऱ्या बर्फाची उंची मोजतात. तिच्यावरून जाडी काढता येते. वरच्या हिमाच्या थरामुळे हिशेबात फरक पडतो, हेही संशोधक उघड सांगतात. प्रतिवाद करायचाच तर त्या आकड्यांशी करावा.