महावीराचार्यांची वल्लिका आणि आजचे कुलूप

दांडी-तारापूरचा किनारा नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या साम्राज्यात होता. उत्तर कोकणात त्याचे शिलाहार सामंत कारभार पाहत. त्याच काळी, इ. स. ८५० च्या सुमारास, दिगंबर आचार्य महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला आणि आरंभी अमोघवर्षाचे गौरवपूर्वक स्मरण केले. हा ग्रंथ सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ मध्ये हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. व्यापारी घराच्या कपाटात तो असावयास हवा.

त्यातील एक उदाहरण पाहावे. केळ्यांचे ६३ समान ढीग आणि सुटी ७ केळी २३ वाटसरूंना सारखी वाटली, काहीच उरले नाही. तर एका ढिगात केळी किती? येथे केवळ बाकीचा हिशेब चालतो. ६३ ला २३ ने भागता १७ उरतात. म्हणून १७ ला ज्या संख्येने गुणता १६ उरतील ती संख्या हवी. मग सुटी ७ मिळून २३ पूर्ण होतात. १७ ला १९ ने गुणले तर ३२३, बाकी १. म्हणून १९ हा १७ चा व्यस्त. १६ ला १९ ने गुणून २३ ने भागता ५ उरतात. ढिगात ५ केळी, प्रत्येकास १४.

अशा प्रश्नांसाठी आचार्यांनी पुनःपुन्हा भागाकार करून येणारे अंक वेलीसारखे एकाखाली एक मांडले, म्हणून ‘वल्लिका-कुट्टीकार’. कुट्टकाची मूळ रीत आर्यभटाची, इ. स. ४९९ ची.

पेढीचा ऑनलाइन व्यवहार राखणाऱ्या कुलपांपैकी एक, रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनी १९७७ मध्ये रचलेले, याच व्यस्तावर उभे आहे. ३ आणि ११ या मूळ संख्या घ्याव्यात. गुणाकार ३३, प्रत्येकीतून १ वजा करून गुणाकार २०. जाहीर किल्ली ३. तिचा २० च्या हिशेबातील व्यस्त ७, कारण २१ ला २० ने भागता १ उरतो. ही गुप्त किल्ली. (५ ही किल्ली येथे चालली नसती: तिच्या पटींची बाकी कधीच १ येत नाही.) ४ हा निरोप तीनदा घेऊन गुणला तर ६४, ३३ ने भागता ३१. ३१ सातदा गुणून ३३ ने भागले की पुन्हा ४.

जगाला ३३ आणि ३ ठाऊक असतात. २० मात्र ३ व ११ वेगळे केल्यावाचून कळत नाही. प्रत्यक्षात त्या मूळ संख्या सुमारे तीनशे अंकी असतात. त्या हाती असणाऱ्यास वल्लिकेच्या रीतीने गुप्त किल्ली क्षणात सापडते. ज्याच्या हाती केवळ गुणाकार आहे, त्यास तो आजच्या संगणकांनीही फोडता आलेला नाही.