गाणे आपले, हिशेबही आपला



कॅसेटच्या काळात आपले कितीतरी गायक ठोक रकमेवर सही करीत. गाणे वर्षानुवर्षे वस्तीवस्तीत वाजे, पैसा मात्र कंपनीच्या गल्ल्यात जाई. आज आपली मुले घरीच भीमगीत रेकॉर्ड करतात. ते स्पॉटिफाय, ॲपल म्युझिकवर चढवायला वितरक लागतो. तो निवडताना आधी हिशेब मांडा.

डिस्ट्रोकिड वर्षाची वर्गणी घेते, स्पॉटिफायसारख्या ठिकाणच्या कमाईत वाटा मागत नाही. पण वर्गणी थकली की गाणी उतरवली जाऊ शकतात. सीडी बेबी दर रिलीजमागे एकदाच पैसे घेते आणि कमाईतून ९ टक्के कापते. वर्षाला दहा गाणी काढणाऱ्याला पहिली परवडेल. एकच गाणे कायम ठेवायचे असेल, तर दुसरी.

सही करण्यापूर्वी मालकी कोणाकडे राहते, ते वाचा. गीत दुसऱ्या कवीचे असेल, तर त्याची परवानगी आणि वाटा आधीच कागदावर आणा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला. त्यासाठी आयपीआरएसचे सभासदत्व वेगळे घ्यावे लागते. वितरक ते काम आपोआप करील असे समजू नका.

बाबासाहेबांनी 'शिका' म्हणून सांगितले. करार वाचणे हेही शिकणेच आहे.