इथेनॉलच्या नफ्याचे वाटेकरी

साखर कारखानदारीला पुन्हा सुगीचे दिवस आले, असे गेली काही वर्षे वारंवार ऐकविले जाते. २०१४ साली पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर पोहोचल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. परकीय चलन वाचते, साखर गोदामात पडून राहत नाही, कारखान्यांच्या हाती रोकड खेळते. हे सारे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारणही नाही. प्रश्न एवढाच आहे की, उसाच्या कांडीतून निघणाऱ्या या नव्या संपत्तीचा हिशेब कोणाच्या खात्यावर मांडला जातो.

विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला त्यामागचा विचार सरळ होता: ऊस ज्याचा, कारखाना त्याचा. १९७४ साली भार्गव आयोगाच्या शिफारशीवरून ऊस नियंत्रण आदेशात '५ अ' हे कलम आले आणि किमान भावाखेरीज जादा उत्पन्नातही उत्पादकाचा वाटा मान्य झाला. २००९ मध्ये 'रास्त व किफायतशीर दर' आणताना हे कलमच गाळण्यात आले. महाराष्ट्राने २०१३ च्या कायद्याने महसूल-वाटणीचे सूत्र स्वीकारले खरे, परंतु त्यात साखर आणि प्राथमिक उपपदार्थ, म्हणजे चोथा, मळी, प्रेसमड, एवढेच धरले जाते. मळीची किंमत हिशेबात येते. तिच्यापासून होणाऱ्या इथेनॉलची येत नाही. एकाच आवारात मळी साखर विभागातून आसवनीत गेली की तिच्यावरील शेतकऱ्याचा हक्क संपतो! इथेनॉलसाठी रस वळविल्याने घटलेला उतारा दर ठरविताना भरून धरतात, हे मान्य. पण तो साखरेच्या हिशेबाने. राज्यातील जवळपास निम्मे कारखाने आज खाजगी मालकीचे असताना ही फट लहान नाही.

शेतकऱ्याला निदान भांडायला एक कायदा तरी आहे. फडात उतरणाऱ्या मजुराला तोही नाही. दिवाळीच्या सुमारास बीड व शेजारच्या जिल्ह्यांतून मुकादमाची उचल घेऊन लाखो माणसे कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. बाईच्या नावाने वेगळा हिशेब नाही. खाडा पडला तर दंड. मग पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. २०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ज्या उद्योगाची भरभराट सांगितली जाते, त्याच उद्योगाचा हा आकडा आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तीही संघटनांनी 'कोयता बंद'चा इशारा दिल्यावर. तोडलेल्या उसाची साखर झाली काय किंवा इथेनॉल झाले काय, मजुरीचे माप टनाचेच राहिले.

पाण्याचे गणित तर कोणी मांडूच इच्छीत नाही. उसापासून एक लिटर इथेनॉल करण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच म्हटले आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, आणि त्याच मराठवाड्यात उसाचे गाळप मात्र चालूच होते.

डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने सरकारने रसापासूनच्या इथेनॉलवर एका आदेशाने निर्बंध घातले आणि पुढल्या वर्षी उठविले. ग्राहकासाठी एवढी तत्परता दाखविता येत असेल, तर २०१३ च्या कायद्यात आसवनीचे उत्पन्न धरण्याची दुरुस्ती करणे आणि फडातील प्रत्येक बाईची स्वतंत्र नोंद कारखान्यावर बंधनकारक करणे, ही कामे एका अधिवेशनात होण्याजोगी आहेत. अडचण इतकीच की, विधिमंडळात दोन्ही बाजूंच्या बाकांवर साखर कारखान्यांचे सूत्रधार बसलेले आहेत.